हिमाद्री, पंचगंगा आणि आमची जर्नल्स

परवा रात्रीची गोष्ट. मेसमध्ये नेहमीप्रमाणे आमटीत डाळ शोधण्याचा कार्यक्रम चालू होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर एक बातमी लागली. चारी बाजूंनी बर्फ, मधे एक घर आणि त्यावर आपला तिरंगा. निवेदिका सांगत होती, उत्तर ध्रुवाजवळ भारताचं 'हिमाद्री' नावाचं संशोधन केंद्र आहे.

माझा रूम पार्टनर शिरोळ तालुक्यातला. नृसिंहवाडीच्या पलीकडे, कृष्णाकाठचं गाव. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून तो म्हणाला, "आरं, त्या बर्फात आपलं सरकार घर बांधून बसलंय, आणि हितं आमच्या घरात दोनदा पाणी शिरलं. २०१९ ला एकदा, २०२१ ला एकदा. पाणी कुठवर येणार, हे सांगाय गावात माणूस न्हाई. ह्यांना अस्वलं मोजायची पडलीत!"

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. पण रूमवर आल्यावर झोप लागेना. त्याचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. मित्रहो, तुम्हालाही कधी ना कधी तो पडला असेल. आपल्या दारातली पंचगंगा काळी पडलेली असताना आर्क्टिकच्या बर्फाची काळजी आपण का करायची? त्यावर मी चार दिवस लायब्ररीत बसून जे वाचलं, आणि त्यानंतर रूम पार्टनरनं माझी जी विकेट काढली, ते दोन्ही या लेखात सांगणार आहे.

आधी थोडी माहिती. आपल्यापैकी बहुतेक जण वर्षातून एकदा तरी गोव्याला जातात. कशाला जातात, ते इथं लिहायची गरज नाही! पण त्याच गोव्यात, वास्कोजवळ हेडलँड सडा इथं, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, हे किती जणांना माहीत असेल? १९९८ मध्ये ते सुरू झालं. भारताच्या अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' आणि 'भारती' या केंद्रांचा आणि उत्तरेकडच्या 'हिमाद्री'चा सगळा कारभार तिथून चालतो. म्हणजे उत्तर ध्रुवाकडे जाणारी भारताची वाट आपल्या घाटाखालूनच सुरू होते म्हणायची.

आर्क्टिकमध्ये भारताची पहिली मोहीम २००७ च्या ऑगस्टमध्ये गेली. १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर, नी-ऑलेसुंद या वस्तीत 'हिमाद्री' सुरू झालं. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १२०० किलोमीटर. केंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठा कॅम्पस येतो, पण हे जेमतेम आठ माणसं राहतील एवढं घर आहे. आपल्या होस्टेलची एक विंगसुद्धा त्याहून मोठी! २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्डेन या खाडीत १९२ मीटर खोल पाण्यात आपल्या लोकांनी 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ सोडली. पाण्याचं तापमान, क्षारता, प्रवाह हे सगळं ती पाण्याखाली राहून नोंदवत असते. २०२२ च्या मार्चमध्ये भारतानं आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये हिवाळ्यातली पहिली मोहीम पाठवली. हिवाळा म्हणजे कसला, तर ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही.

मराठी माणसाला आर्क्टिक नवीन नाही, हेही जाता जाता सांगितलं पाहिजे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. ते मत आजच्या अभ्यासकांना मान्य नाही, तो भाग वेगळा. पण सहा महिन्यांची रात्र आणि लांबलचक पहाट यांचा विचार करत पुण्यातला एक माणूस बसला होता, याची मला तरी गंमत वाटते.

आता मुख्य प्रश्न. तिथल्या बर्फाचा आपल्याशी संबंध काय?

मे महिन्यात दुपारी शिरोली नाक्यावर डांबरी रस्त्यावर अनवाणी उभे राहा, आणि मग शेजारी चुना मारलेल्या कठड्यावर हात ठेवा. फरक लगेच कळेल. बर्फाचं तसंच आहे. ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त तो परत पाठवतो. तोच बर्फ वितळून खालचा गडद समुद्र उघडा पडला, की तो समुद्र ९० टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन टाकतो. पाणी तापतं, आणखी बर्फ वितळतो, आणखी पाणी उघडं पडतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या, तर आर्क्टिक हे जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलेलं आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिथला समुद्री बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक आहे.

याचा मान्सूनशी काही संबंध लागतो का, हे गोव्यातल्या केंद्राचे शास्त्रज्ञ शोधत आहेत. २०२१ मध्ये त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ कमी झाला की वरच्या थरातल्या वाऱ्यांच्या लाटा बदलतात, आणि मोसमाच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये, मध्य भारतात अतिवृष्टीला पोषक परिस्थिती तयार होऊ शकते, असं त्यात मांडलं आहे. 'होऊ शकते' हे शब्द महत्त्वाचे. हा नात्याचा अंदाज आहे, पुरावा पक्का झालेला नाही. आणि आपले पूर जुलै-ऑगस्टमध्ये आले होते. तेव्हा आर्क्टिकचा बर्फ वितळला म्हणून शिरोळ बुडालं, असं कुणी सांगितलं तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवावं. पण पाऊस का बदलतोय हे समजून घ्यायचं असेल, तर उत्तरेकडे बघावं लागेल, एवढं मात्र नक्की.

दुसरा संबंध पोटाचा आहे. त्याच स्वालबार्डवर २००८ मध्ये जगभरच्या बियाण्यांची तिजोरी उघडली. डोंगराच्या पोटात, कायम गोठलेल्या जमिनीत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर यांची बियाणी तिथं ठेवली आहेत. म्हणजे आपला जोंधळा उत्तर ध्रुवाशेजारी झोपलेला आहे! आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं माहितेय? 'कायम' गोठलेली म्हणून जी जमीन निवडली, तिच्यावर नको त्या वेळी पाऊस पडला, बर्फ वितळला आणि तिजोरीच्या प्रवेश-बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्यांना धक्का लागला नाही, पण नंतर तिथं वॉटरप्रूफिंगची बरीच कामं करावी लागली. सिव्हिलवाल्यांनी लक्षात ठेवावं : डिझाइन करताना गृहीत धरलेली जमीनसुद्धा बदलू शकते.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं रूम पार्टनरला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी त्याला नी-ऑलेसुंदचे नियम सांगितले. मला स्वतःला सगळ्यात जास्त तेच आवडले होते.

ती वस्ती मुळात कोळशाच्या खाणीची. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले आणि त्यानंतर खाण बंद झाली. आज तिथं अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत. सगळ्यांची मेस एकच! वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवायचं, कारण तिथल्या नाजूक रेडिओ उपकरणांना त्याचा अडथळा होतो. (आपल्या होस्टेलला असा नियम आला तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघेल.) वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलाच्या भीतीनं बंदूक बरोबर. घरांना कुलूप लावायचं नाही, कारण अस्वल दिसलं तर कुणालाही कुठल्याही दारातून आत पळता आलं पाहिजे. कचरा वेगवेगळा करायचा आणि तो जहाजानं मुख्य भूमीवर पाठवायचा. पक्ष्यांची घरटी, जुन्या खाणकामगारांच्या वस्तू यांना हात लावायचा नाही. स्वालबार्डवर २००२ पासून पर्यावरण संरक्षणाचा खास कायदा लागू आहे, आणि तिथली जवळपास दोन तृतीयांश जमीन संरक्षित आहे. शेजारच्या झेपेलिन डोंगरावर पावणेपाचशे मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. तिथं गेली पस्तीसेक वर्षं हवेतले वायू मोजले जातात. वादळ असो, काळोख असो, नोंद चुकवायची नाही.

"बघ," मी म्हणालो, "त्यांचं खरं काम हेच आहे. रोज मोजायचं. वर्षानुवर्षं मोजायचं. एका दिवसाच्या आकड्यात काही नसतं. तीस वर्षांची ओळ लावली की मग निसर्ग बोलायला लागतो. आपल्याकडे कुणी मोजतच नाही!"

रूम पार्टनर म्हणाला, "भावा, तू गेल्या सेमला मोजलंस?"

...

आणि इथं माझी बोलती बंद झाली.

गेल्या सेमिस्टरला आम्हाला एक प्रॅक्टिकल होतं. नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, ते काढायचं. पंचगंगेवर जायचं, हवेचा बुडबुडा न राहू देता बाटली भरायची, तिथल्या तिथं रसायनं घालायची, लॅबमध्ये आणून थायोसल्फेटनं टायट्रेशन करायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की रीडिंग घ्यायचं. प्रत्यक्षात काय झालं? सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. बाहेर पाऊस होता. एका सीनियरचं जर्नल कॉट ते कॉट फिरत आमच्याकडे आलं. त्यात ६.८ लिहिलं होतं. मी ६.८ लिहिलं. शेजाऱ्यानं ६.८ लिहिलं. एका हुशार मुलानं संशय येऊ नये म्हणून ६.७ लिहिलं. आख्ख्या बॅचची पंचगंगा ठणठणीत! त्या सीनियरनं तरी ते कुठून आणलं होतं, देव जाणे. कदाचित तो आकडा आमच्या लॅबच्या बिल्डिंगइतकाच जुना असेल.

स्वच्छ पाण्यात पंचवीस अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो ४ च्या खाली गेला की माशांचा जीव कासावीस होतो. दरवर्षी उन्हाळ्यात पंचगंगेत मासे तरंगल्याची बातमी येते. आमच्या जर्नलमधले मासे मात्र वर्षानुवर्षं मजेत पोहत आहेत.

रूम पार्टनरचा प्रश्न इतका झोंबला, की पुढच्या रविवारी मी दोन बाटल्या घेऊन खरंच नदीवर गेलो. लॅबमधल्या मामांनी "आत्ता कशाला? मार्क तर मिळालेत की!" म्हणून विचारलं. पण त्यांनीच रसायनं काढून दिली. माझं पहिलं टायट्रेशन चुकलं. दुसरं बरं आलं. जे रीडिंग आलं, ते ६.८ च्या जवळपासही नव्हतं. आकडा इथं छापत नाही, कारण एका नवशिक्याच्या एका बाटलीवरून नदीबद्दल काही ठरत नाही. एवढंच सांगतो, की वहीत तो आकडा लिहिताना पहिल्यांदाच मला वाटलं की मी काहीतरी शिकलो.

आता कुणी म्हणेल, जर्नल उतरवणं ही काय नवीन गोष्ट आहे? सगळेच करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय प्रत्येक पदवीला सक्तीचा झाला, आणि त्याचा प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगसह तयार मिळतो. सरांनाही माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं. ओरलला दोन्ही बाजू गंभीर चेहरा करून बसतात. ही एक प्रकारची तडजोड आहे आणि तिच्यात कुणाचं नुकसान नाही, असंच मलाही वाटत होतं.

पण नुकसान आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. ही नदी आपल्या वरून वाहत खाली जाते, खालच्या गावांची ती पिण्याची नदी आहे. पुराचंही तेच. २०१९ नंतर आपल्याच मेसमध्ये किती भांडणं झाली असतील! एक जण आलमट्टीला दोष देतो, दुसरा धरणातून सोडलेल्या पाण्याला, तिसरा पूररेषेतल्या बांधकामांना, चौथा पावसाला. आवाज सगळ्यांचा मोठा, पण आकडे कुणाकडेच नाहीत. आणि आपण तर उद्याचे इंजिनीअर! पाचेक वर्षांनी पुलाची उंची, नाल्याचा व्यास, सांडपाण्याच्या प्लांटची क्षमता आपणच ठरवणार. तेव्हा हातात येणारी रीडिंग कुणीतरी होस्टेलच्या कॉटवर बसून लिहिलेली असली तर?

रूम पार्टनरनं त्या रात्री शेवटी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. २०२१ च्या जुलैमध्ये त्याचे वडील तासातासाला एकच गोष्ट विचारत होते, "राजारामची पातळी किती झाली?" आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न ठाऊक नसलेलं घर नाही. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. (के.टी. म्हटलं की आपल्याला राहिलेला विषय आठवतो, पण पाटबंधाऱ्याच्या पुस्तकात के.टी. म्हणजे कोल्हापूर टाइप बंधारा, हे फर्स्ट इयरच्या मुलांनी लक्षात ठेवावं!) तिथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या आकड्यावरून पाणी आपल्या गावाला कधी टेकणार याचा हिशोब वडिलांनी केला, म्हशी रात्रीच सोडल्या, ट्रॅक्टरमध्ये म्हातारी आणि धान्याची पोती घातली आणि गाव सोडलं. घर गेलं, पण जीव आणि जनावरं वाचली. त्या पावसात, अंधारात कुणीतरी माणूस पट्टीवर पाणी बघत होता आणि जे दिसेल तेच कळवत होता. पातळी ५५ फुटांच्या वर गेली तरी. समजा त्यानं म्हटलं असतं, 'पाऊस लई आहे, मागच्या तासाचंच रीडिंग टाकू'?

"पाणी कुठवर येणार हे सांगाय माणूस न्हाई" असं मेसमध्ये म्हणणारा हाच रूम पार्टनर. माणूस होता. एकच होता, म्हणून कमी पडत होता. त्याच्या गावाजवळ, आमच्या कॉलेजजवळ, प्रत्येक ओढ्यावर तसा माणूस हवा.

म्हणून माझं मत असं, की हिमाद्रीवर होणारा खर्च योग्यच आहे. हवेला आणि पाण्याला देशांच्या सीमा कळत नाहीत, आणि मान्सूनवर जगणाऱ्या देशानं त्याचा धागा जिथं जाईल तिथं जायला हवं. पण हिमाद्रीचा अभिमान बाळगायचा अधिकार आपल्याला फुकट मिळत नाही. १९२ मीटर खोल पाण्यातल्या उपकरणावर विश्वास ठेवायचा आणि स्वतःच्या दारातल्या नदीची रीडिंग ढापायची, हा दुटप्पीपणा झाला. आर्क्टिकचं संशोधन ज्या एका गोष्टीवर उभं आहे, ती गोष्ट करायला बर्फ लागत नाही, व्हिसा लागत नाही. जे दिसतं ते लिहायचं, आणि उद्या पुन्हा लिहायचं, बस.

मग आपण काय करू शकतो? माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. होस्टेलच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवू आणि रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद करू. सुट्टीतही कुणी ना कुणी होस्टेलवर असतंच. दर रविवारी नदीवरच्या एकाच ठिकाणचं पाणी आणून ऑक्सिजन काढू आणि तो लॅबबाहेरच्या बोर्डवर खडूनं लिहू, चांगला असो वा वाईट. आणि मेसमध्ये रोज फेकलं जाणारं अन्न वजन करून लिहू. तिसरा आकडा बघून मेसच्या मावशींना काय वाटेल ते सांगता येत नाही, पण आपल्याला लाज वाटेल हे नक्की.

सरांनाही एक विनंती, लहान तोंडी मोठा घास वाटला तर क्षमा करावी. ज्या मुलाचं रीडिंग पुस्तकाशी जुळत नाही, त्याला 'परत कर' म्हणण्याआधी 'असं का आलं असेल?' एवढं विचारा. पूर्ण बॅचचा आकडा एकसारखा आला, तर मात्र सगळ्यांना नदीवर पाठवा. पावसात भिजलो तरी चालेल.

रूम पार्टनर पुढच्या रविवारी माझ्याबरोबर यायला तयार झालाय. वही त्यानंच आणली. पहिल्या पानावर त्यानं तारीख, वेळ, जागा असे तीन रकाने आखले आणि चौथ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'खरं रीडिंग'. अजून दोन-चार हात हवेत. बी विंग, दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली. कुलूप नसतं!

– एक होस्टेलकर, तृतीय वर्ष, स्थापत्य